घरातल्या सामानासाठी टिकाऊ प्लास्टिकच्या पेट्या कशा निवडायच्या

घरात सामान वाढलं आणि कपाटं अपुरी पडायला लागली की प्लास्टिकच्या मोठ्या पेट्या घ्यायचं ठरतं. दुकानात त्या सगळ्या सारख्याच दिसतात, त्यामुळे आकार आणि रंग पाहून निवड होते. मग वर्षा-दोन वर्षांत एकीची क्लिप तुटते, दुसरीचं झाकण मधोमध खचतं, तिसरी उचलली की तिचं बूड लोंबतं. मी पुस्तकं, हंगामी कपडे, अवजारं, जुनी कागदपत्रं असं सगळं बरीच वर्षं अशाच पेट्यांत ठेवत आलो आहे. कुठली पेटी टिकते आणि का टिकते, हे पहिल्यांदाच घेणाऱ्याला नीट कळावं म्हणून हे लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. घरगुती पेट्या बहुतेक पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिइथिलीन या प्लास्टिकच्या असतात, आणि या दोन्हींवर नेहमीचा गोंद धरत नाही. झटपट चिकटवणारा गोंद लावा किंवा इपॉक्सी लावा, वाळल्यावर तो पापुद्र्यासारखा सुटून येतो. गोंदाआधी लावायचा खास प्रायमर वापरून किंवा उष्णतेने वितळवून सांधा जुळवता येतो, पण घरी ते नीट जमणं अवघड असतं. थोडक्यात, तडकलेली पेटी दुरुस्त होईल हे गृहीत धरू नका. जी काही काळजी घ्यायची ती विकत घेण्याआधीच घ्यायची.

हाताशी काय हवं

- मोजपट्टी किंवा टेप
- वजनकाटा, माणसाचं वजन करायचा साधा काटाही चालेल
- मोबाईलचा टॉर्च
- कागदाची एक पट्टी
- काय ठेवायचं आणि कुठे ठेवायचं याची लेखी यादी

शेवटची गोष्ट बहुतेकजण टाळतात. ती टाळू नका, पुढचे सगळे निर्णय तिच्यावरच उभे राहतात.

१. आधी ओझं ठरवा

पेटी किती लिटरची घ्यायची, हा प्रश्न नंतरचा. आत जाणारं सामान किती किलोचं आहे, हा पहिला. लिटर म्हणजे फक्त आतली जागा. पन्नास लिटरच्या पेटीत उशा ठेवल्या तर ती एका हाताने उचलता येते. तीच पुस्तकांनी गच्च भरली तर वजन तीस किलोच्या पुढे सहज जातं, कारण कागद दिसतो त्यापेक्षा खूप जड असतो.

उचलण्याच्या वजनाचा अंदाज हवा असेल तर एक आकडा उपयोगी पडतो. अमेरिकेतल्या नायॉश या कामाच्या जागच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने ओझं उचलण्यासाठी एक सूत्र दिलं आहे. त्यात अगदी अनुकूल परिस्थितीतही वरची मर्यादा २३ किलो धरली आहे. अनुकूल म्हणजे ओझं अंगाजवळ, साधारण कंबरेच्या उंचीवर, पकड चांगली आणि अंग पिळायला लागत नाही. पेटी जमिनीवरून उचलून डोक्यावरच्या फळीवर ठेवायची असेल तर ही मर्यादा बरीच खाली येते.

म्हणून पुस्तकं, फाइली, अवजारं, बरण्या यांसाठी १५ ते २० लिटरच्या लहान पेट्या घ्या. कपडे, पांघरुणं, भरलेली खेळणी यांसाठी ५० ते ६० लिटरच्या चालतील. शंभर लिटरच्या पेट्या पाहून मोह होतो, पण मिळेल ते त्यात कोंबलं जातं आणि ती जागची हलत नाही. हलवायचीच नसेल आणि सामान हलकं असेल, तरच ती घ्यावी असं माझं मत आहे.

२. जागा मोजा, तीही तीन वेळा

फळीची लांबी, रुंदी आणि उंची मोजली की काम झालं असं वाटतं, पण तीन मापं राहून जातात.

पहिलं, दाराचं. कपाट आतून रुंद असतं, पण दार पूर्ण उघडलं तरी बिजागरीमुळे वाट अरुंद होते. दुसरं, डोक्यावरचं. पेटी फळीत बसली तरी झाकण उघडायला वर जागा लागते, नाहीतर प्रत्येक वेळी पेटी बाहेर ओढायला लागेल. तिसरं, पेटीच्या बुडाचं. बहुतेक पेट्या वर रुंद आणि खाली निमुळत्या असतात. रिकाम्या असताना त्या एकीत एक बसतात, हा त्यांचा फायदा. पण बुडाशी जागा कमी भरते आणि आयताकृती फाइली उभ्या राहत नाहीत. फाइलींसाठी पेटी घेणार असाल तर आतून बुडाशी टेप लावून बघाच.

आतली लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणा आणि १००० ने भागा. उत्तर लिटरमध्ये येतं. निमुळत्या पेटीसाठी काठाची आणि बुडाची मापं घेऊन त्यांची सरासरी धरा. काही विक्रेते बाहेरची मापं देतात, त्यात हँडल आणि काठही मोजलेला असतो. त्यावरून काढलेली लिटरची संख्या नेहमीच फुगलेली येते.

बऱ्याच पेट्या घ्यायच्या असतील तर ६०० × ४०० मिलिमीटर आणि ४०० × ३०० मिलिमीटर या तळाच्या मापांकडे लक्ष द्या. मालवाहतुकीतल्या १२०० × ८०० मिलिमीटरच्या युरोपीय पॅलेटवर ही मापं बिनचूक बसतात, म्हणून वेगवेगळे उत्पादक त्याच मापात पेट्या काढतात. दोन लहान पेट्या एका मोठीवर शेजारी शेजारी बसतात आणि पुढे भर घालायची झाली तर जुनीशी जुळणारी पेटी मिळण्याची शक्यता वाढते.

३. बुडावरची खूण वाचा

पेटी उलटी करा. बुडावर त्रिकोणात एक आकडा असतो. ही पद्धत १९८८ साली अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने सुरू केली. तिचा उद्देश एकच, पुनर्वापरासाठी प्लास्टिक वेगळं करताना प्रकार ओळखता यावा. आकडा मोठा म्हणजे दर्जा वरचा, असं काहीही नाही. अन्नासाठी ती सुरक्षित आहे की नाही, हेही त्या आकड्यावरून कळत नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे.

पेट्यांच्या बाबतीत कामाचे आकडे असे:

- ५, पॉलिप्रोपिलीन. घरगुती पेट्यांसाठी सगळ्यात जास्त वापरलं जाणारं. कडक, हलकं, आणि पुन्हा पुन्हा वाकवलं तरी लवकर न तुटणारं. झाकणाला जोडूनच पातळ बिजागरी काढता येते ती या गुणामुळेच. उणीव अशी की साधं पॉलिप्रोपिलीन शून्य अंशाच्या आसपास ठिसूळ व्हायला लागतं.
- २, जास्त घनतेचं पॉलिइथिलीन. थोडं मऊ, दुधाळ किंवा गडद रंगाचं, धक्का सोसणारं. कडाक्याच्या थंडीतही चिवट राहतं. गॅरेज, अंगण, न तापवलेली खोली अशा ठिकाणी मी हेच निवडेन.
- ६, पॉलिस्टायरीन. काचेसारखं लखलखीत, पण दाबलं तर वाकायच्या आधी तडकतं. टेबलावरच्या छोट्या कप्प्यांसाठी ठीक, ओझ्यासाठी नाही.
- ७, इतर. यात पॉलिकार्बोनेटही येतं आणि दोन-तीन प्लास्टिकची मिश्रणंही. पॉलिकार्बोनेट फार मजबूत आणि पारदर्शक असतं, पण नुसत्या ७ वरून ते तेच आहे हे ठरवता येत नाही.

खूणच नसेल आणि घरात त्याच प्रकारच्या जुन्या पेटीचा तुटका तुकडा असेल, तर तो साबण लावून धुऊन पाण्यात टाका. पाण्याची घनता १ धरली तर पॉलिप्रोपिलीनची साधारण ०.९ आणि पॉलिइथिलीनची ०.९५ च्या आसपास असते, म्हणून दोन्ही तरंगतात. पॉलिस्टायरीन, पीव्हीसी, पॉलिकार्बोनेट बुडतात. टिचकी मारूनही अंदाज येतो, पॉलिस्टायरीन टणटण वाजतं आणि पॉलिइथिलीनचा आवाज दबका येतो.

४. भिंत, कोपरे आणि बूड

पेटीत प्लास्टिक किती घातलं आहे हे कळायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे रिकाम्या पेटीचं वजन. एकाच आकाराच्या दोन पेट्या हातात धरा. जी लक्षात येण्याइतकी हलकी आहे तिच्या भिंती पातळ आहेत. ऑनलाइन घेत असाल तर वजनाला लिटरने भागा आणि त्याच आकड्याची तुलना करा. फोटोत सगळ्याच पेट्या दणकट दिसतात.

मात्र जाडी हेच सगळं नाही. सपाट जाड भिंतीपेक्षा उभ्या पन्हळी असलेली थोडी पातळ भिंत कमी वाकते. वरचा काठ बाहेर वळवून दुमडलेला हवा, कारण भरलेली पेटी मधून फुगते तेव्हा तोच तिला धरून ठेवतो. बुडाला आडव्या-उभ्या पट्ट्या असाव्यात.

आतले कोपरे बोटाने चाचपून बघा. गोलसर असतील तर ताण पसरतो. काटकोनात धारदार असतील तर सगळा ताण एका रेषेवर येतो आणि भेग तिथूनच सुरू होते. बुडाच्या मध्यभागी एक छोटा गोल ठिपका किंवा कंगोरा दिसेल. साच्यात वितळलेलं प्लास्टिक तिथून शिरलेलं असतं. तो असणं दोष नाही, पण त्याभोवती बारीक किरणांसारख्या रेषा दिसल्या तर पेटी परत ठेवा. टॉर्च भिंतीला आतून लावून बाहेरून बघितलं की पातळ झालेले भाग उजळ दिसतात, आणि हँडलच्या भोकांच्या कडेला कधी कधी केसासारखी एक रेघ दिसते. वितळलेल्या प्लास्टिकचे दोन प्रवाह भोकाला वळसा घालून तिथे पुन्हा जुळलेले असतात. तो सांधा आजूबाजूच्या भिंतीपेक्षा कमजोर असतो आणि पेटी उचलताना नेमकं तिथेच वजन येतं.

५. झाकण आणि क्लिपा

पेटी मोडते म्हणजे बहुतेक वेळा तिची क्लिप मोडते. डबा शाबूत राहतो आणि झाकण नुसतं वर ठेवलेलं असतं. म्हणून माझा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो.

क्लिपा दोन प्रकारच्या असतात. एक, झाकणाच्याच प्लास्टिकमधून काढलेली, पातळ पट्टीवर वाकणारी. पॉलिप्रोपिलीनमध्ये ती चांगली टिकते, ठिसूळ प्लास्टिकमध्ये लवकर जाते. दुसरी, वेगळी बनवून खिळीवर बसवलेली. हिचा फायदा मोठा आहे, ती काढून नवी बसवता येते. विकणाऱ्याला सुटी क्लिप आणि सुटं झाकण मिळतं का, हे विचारा. मिळत असेल तर पेटीचं आयुष्य कितीतरी वाढतं.

काही पेट्यांत क्लिप हेच हँडल असतं. दिसायला सुटसुटीत, पण पेटी उचलली की पूर्ण वजन क्लिपेवर येतं आणि ती झाकणाला वर ओढते. हलक्या सामानापलीकडे मी ही रचना घेणार नाही. हँडल पेटीच्या अंगातच असावं, बोटं आतपर्यंत जावीत आणि त्याची कड बोटात रुतू नये.

झाकण बंद करून त्यात कागदाची पट्टी अडकवा आणि ओढा. चारही बाजूंनी सारखा अडथळा लागला तर झाकण सपाट बसलं आहे. एका कोपऱ्यात पट्टी अलगद सुटून आली तर झाकण किंवा काठ वाकडा आहे, आणि वजन पडलं की ही फट वाढतच जाते.

६. एकावर एक रचायच्या असतील तर

पॉलिप्रोपिलीन आणि पॉलिइथिलीन सतत वजनाखाली राहिले की हळूहळू आकार सोडतात. पहिल्या दिवशी झाकण सहज भार सोसतं, काही महिन्यांनी ते मधोमध खोलगट झालेलं दिसतं आणि वजन काढलं तरी पूर्ववत होत नाही. उष्णतेत हे अधिक वेगाने होतं. उन्हाळ्यात तापणाऱ्या पोटमाळ्यावर तर फारच.

म्हणून वरच्या पेटीचं वजन झाकणाच्या मध्यावर न येता खालच्या पेटीच्या भिंतींवर उतरायला हवं. झाकणाच्या कडेने खाच आणि बुडाला तिच्यात बसणारी कड असेल तर तसं होतं. दुकानात दोन पेट्या एकमेकींवर ठेवून वरची थोडी ढकला. ती घसरता कामा नये आणि खालचं झाकण खचता कामा नये. जड पेट्या कायम तळाशी ठेवा. रचाईसाठी किती किलो भार चालतो हे उत्पादकाने लिहिलं असेल तर त्याच्या निम्म्यापर्यंतच जा, कारण तो आकडा किती काळासाठी आणि किती तापमानाला आहे हे क्वचितच लिहिलेलं असतं.

चाकांच्या पेट्या रचू नका. चाकं लहान जागेवर वजन टाकतात आणि खालचं झाकण फोडतात.

७. हवाबंद, पाणीबंद आणि नुसतं घट्ट

हे तीन वेगळे प्रकार आहेत. साधं क्लिपवालं झाकण धूळ बरीच अडवतं, पण दमट हवा आणि बारीक कीटक आत जातात. काठाच्या खोबणीत सलग रबर किंवा फोमची रिंग असेल तर गोष्ट वेगळी. रिंगला जोड असेल तर तिथे नीट बघा, गळती तिथूनच होते. पाणी अडवण्याचा दावा असेल तर आयपी मानांकन शोधा. आयपी ६७ मधला ६ म्हणजे धूळ अजिबात शिरत नाही आणि ७ म्हणजे एक मीटरपर्यंतच्या पाण्यात अर्धा तास बुडवलं तरी चालतं. असा आकडा नसेल तर ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर कागदपत्रांचा भरवसा टाकू नका.

रिंगवाल्या पेटीचा एक धोका आहे. ती बाहेरचा ओलावा आत येऊ देत नाही, तसाच आतला बाहेरही जाऊ देत नाही. किंचित दमट कपडे आत बंद केले तर आतली आर्द्रता वाढते, आणि ती ७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. सामान पूर्ण कोरडं करा, कोरड्या हवेच्या दिवशी भरा आणि ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका. रंग बदलणारे मणी घेतलेत तर नारिंगी घ्या. निळ्या मण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते घरात नसलेलं बरं.

घरात लहान मुलं असतील तर हे नक्की वाचा. मोठी, झाकण घट्ट बसणारी पेटी रिकामी असताना मुलाला लपायची जागा वाटते, आणि बाहेरून लागणारी क्लिप आतून उघडत नाही. फ्रिजमध्ये अडकून मुलं दगावल्यामुळे अमेरिकेने १९५६ साली दार आतून ढकलून उघडता यावं असा कायदा केला. पेट्यांच्या झाकणांत अशी सोय नसते. मूल मावेल अशी पेटी रिकामी असेल तर झाकण काढून वेगळं ठेवा. खेळण्यांसाठी झाकण नसलेली किंवा भोकं असलेली पेटीच घ्या.

८. पारदर्शक की रंगीत

वारंवार उघडायची असेल तर पारदर्शक. रंग उडणारं सामान असेल किंवा पेटी खिडकीजवळ राहणार असेल तर गडद. उन्हात पॉलिप्रोपिलीन लवकर खराब होतं, पृष्ठभाग खडूसारखा पांढुरका होतो आणि एक दिवस काठ हातात तुटून येतो. बाहेर ठेवायची पेटी अतिनील किरणांपासून संरक्षण दिलेली आहे असं लिहिलेलीच घ्या. काळ्या पेटीतलं काजळीचं रंगद्रव्य ते किरण शोषून घेतं, म्हणून ती जास्त टिकते.

९. कशात काय ठेवू नये

अन्नासाठी पेला आणि काट्याचं चिन्ह किंवा अन्नाच्या संपर्कास योग्य असा स्पष्ट उल्लेख पाहा. पुनर्वापर केलेल्या प्लास्टिकच्या पेट्या इतर सामानाला उत्तम, पण असा उल्लेख नसेल तर त्यात उघडं अन्न नको. जुने फोटो आणि निगेटिव्ह पीव्हीसीत कधीच ठेवू नका, त्यातून निघणारी आम्लं फोटो खातात. पॉलिप्रोपिलीन आणि पॉलिइथिलीन त्यासाठी सुरक्षित आहेत. पेट्रोल, थिनर असे ज्वालाग्राही पदार्थ कुठल्याच घरगुती पेटीत नकोत.

१०. पैसे देण्याआधी

पेटी सपाट फरशीवर ठेवून चारही कोपरे दाबा, ती डुलायला नको. दोन विरुद्ध कोपरे धरून हलकेच पिळा, पिळून सोडल्यावर पांढरी रेघ उमटली तर प्लास्टिकवर तिथे कायमचा ताण पडला आहे. क्लिपा काही वेळा उघडझाप करा. आत नाक घालून वास घ्या. नव्या प्लास्टिकचा सौम्य वास हवा लागली की जातो, पण झोंबणारा किंवा जळकट वास असेल तर ती पेटी कपड्यांसाठी नको. आणि एकदम सगळ्या घेऊ नका. एक आणा, खरं सामान भरा, काही आठवडे वापरा, मग बाकीच्या त्याच मॉडेलच्या घ्या.

११. घरी आणल्यावर

कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवा, सावलीत वाळवा. तारेची घासणी नको.

गोंद धरत नाही म्हटलं तेच लेबलांनाही लागू आहे. खडबडीत पॉलिप्रोपिलीनवरची लेबलं काही महिन्यांत कोपऱ्यातून सुटतात. पारदर्शक पेटीत कागद आतून काचेला लावावा तसा भिंतीला टेकवून ठेवा, गडद पेटीला हँडलमधून दोरीने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधा. नाव झाकणावर लिहू नका, झाकणं एकमेकांत बदलतात.

काठाला लहानशी भेग पडलीच तर भेगेच्या अगदी टोकाला तीन-चार मिलिमीटरचं भोक पाडा. भोकाच्या गोलाईमुळे ताण पसरतो आणि भेग पुढे सरकायची थांबते. त्यानंतर त्या पेटीत उशा, पांघरुणं असं हलकं सामान भरा आणि तिला रचाईत सगळ्यात वर ठेवा.